घरच्या नॅसवर फाइली संथ जात असतील तर दोष मोजून कसा शोधावा

घरातील नेटवर्कला जोडलेले साठवणयंत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘नॅस’ म्हणतात ते, आता पुष्कळ घरांत आले आहे. यंत्र आणले, डिस्क बसवल्या, लॅपटॉपवर फोल्डर दिसू लागले, इथपर्यंत सहसा काही अडत नाही. अडते ते पहिल्यांदा मोठा संग्रह चढवायला घेतल्यावर. ५०० गिगाबाइटची छायाचित्रे आणि व्हिडिओ सव्वा तासात जातील अशी अपेक्षा असते आणि पडद्यावर साडेबारा तास शिल्लक दिसतात. यातला पहिला हिशेब सेकंदाला ११० मेगाबाइट गतीचा आहे आणि दुसरा ११ मेगाबाइट गतीचा. या दोहोंमधला दहापटीचा फरक बहुतेक वेळा एखाद्या केबलमुळे किंवा एखाद्या पोर्टमुळे पडलेला असतो.

अशा वेळी नवखा वापरकर्ता नॅसच्या सेटिंग्जमध्ये शिरतो आणि दिसेल तो पर्याय बदलून पाहतो. त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर दुसऱ्याची भर पडते. म्हणून या लेखातील क्रम वेगळा ठेवला आहे: आधी गती मोजायची, मग फाइलीच्या वाटेवरचा एकेक टप्पा सुटा करून तपासायचा आणि दोष कोणत्या टप्प्यात आहे हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलायची नाही. फाइल आपल्या लॅपटॉपच्या डिस्कवरून निघते, तेथून नेटवर्क कार्ड, केबल किंवा वायफाय, राउटर किंवा स्विच (अनेक केबली एकमेकींना जोडणारा बॉक्स), पुन्हा केबल, नॅसचे पोर्ट, नॅसचा प्रोसेसर आणि शेवटी नॅसची डिस्क, असा तिचा प्रवास असतो. यांपैकी जो टप्पा सर्वांत संथ, तीच एकूण गती.

पायरी १: एकक नीट समजून घ्या आणि चाचणीची एकच फाइल ठरवा

इंटरनेट कंपनी आणि नेटवर्कची उपकरणे गती मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल कॉपी होताना दिसणारी गती मेगाबाइटमध्ये असते, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून गिगाबिट जोडणीचे १००० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ मेगाबाइट. त्यातील काही भाग प्रत्येक पाकिटाच्या पत्त्यांत आणि पोचपावत्यांत खर्च होतो, त्यामुळे प्रत्यक्ष फाइल कॉपी करताना ११० ते ११३ मेगाबाइट मिळाले तर गिगाबिट जोडणी पूर्ण क्षमतेने चालते आहे असे समजावे. ‘१२५ का नाही’ म्हणून पुढे शोध घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. आपला इंटरनेटचा प्लॅन ४० मेगाबिटचा असो की ३०० चा, घरातल्या घरात लॅपटॉपवरून नॅसवर जाणाऱ्या फाइलीशी त्याचा संबंध नाही, कारण ती फाइल घराबाहेर जातच नाही. (ती जात असेल, तर तो स्वतंत्र दोष आहे आणि त्याबद्दल पाचव्या पायरीत लिहिले आहे.) गती वाढावी म्हणून प्लॅन महाग करून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

चाचणीसाठी चार-पाच गिगाबाइटची एकच मोठी फाइल घ्यावी. लांबलचक व्हिडिओ किंवा एखाद्या लिनक्सची आयएसओ फाइल चालेल. ती लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर असावी, पेन ड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर नसावी. पुष्कळ पेन ड्राइव्ह स्वतःच इतके संथ असतात की दोष नॅसच्या माथी विनाकारण येतो. फाइल नॅसवर कॉपी करा आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डिटेल्स’ उघडून आलेख पाहा. नंतर उलट दिशेने, म्हणजे नॅसवरून लॅपटॉपवर, एक मोठी फाइल आणा. मात्र नुकतीच चढवलेली फाइल परत आणू नका, कारण ती अजून नॅसच्या रॅममध्येच असण्याची शक्यता असते आणि मग डिस्कची खरी गती कळत नाही. जुनी, काही दिवसांपूर्वीची फाइल निवडा. दोन्ही दिशांचे आकडे कागदावर लिहून ठेवा.

पायरी २: आकडा आणि आलेख वाचा

सरावाने असे लक्षात येते की आकडाच बऱ्याचदा दोषाचे नाव सांगतो.

सेकंदाला ११ ते १२ मेगाबाइट आणि आलेख पट्टीने रेघ ओढल्यासारखा सपाट असेल, तर वाटेत कुठेतरी जोडणी १००० ऐवजी १०० मेगाबिटवर आली आहे. याबद्दल जवळपास खात्री बाळगावी. डिस्क किंवा वायफाय इतके शिस्तशीर संथ नसतात.

३० ते ४० मेगाबाइट असतील तर शक्यता अनेक आहेत. राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावून केलेले साठवण असेल आणि ते पोर्ट यूएसबी २.० असेल, तर त्याची कमाल साधारण तेवढीच. रास्पबेरी पाय ३बी प्लस वापरून घरी नॅस बनवले असेल, तरी हाच आकडा येतो: त्यावरचे इथरनेट नावाला गिगाबिट असले तरी ते आतून यूएसबी २.० मार्गेच जोडलेले आहे आणि ३०० मेगाबिटच्या वर जात नाही. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ मध्ये ही अडचण उरली नाही. या दोन्ही प्रकारांत दुरुस्त करण्यासारखे काही नसते. यंत्राची क्षमताच तेवढी असते.

सुरुवातीला ११० आणि काही गिगाबाइट गेल्यावर एकदम ४० किंवा २०, असा उतार दिसला तर नेटवर्क निर्दोष आहे. सुरुवातीचा भाग नॅसने रॅममध्ये झेलला आणि मग डिस्कला तो वेग झेपला नाही, असा त्याचा अर्थ. सरळ सातवी पायरी वाचावी. आणणे जलद पण चढवणे संथ असेल तरी तिकडेच जावे. आलेख करवतीसारखा वरखाली होत असेल तर आधी वायफायवर संशय घ्यावा आणि केबलवरही तसेच होत असेल तर डिस्कच्या प्रकृतीवर.

पायरी ३: जोडणी खरोखर गिगाबिटची आहे का ते पाहा

माझ्या मते संपूर्ण लेखातील सर्वांत फळ देणारी पायरी हीच आहे, म्हणून ती घाईने करू नये.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’ येथे गेल्यावर ‘लिंक स्पीड’ या ओळीत १०००/१००० दिसायला हवे. लिनक्सवर हे काम ‘एथटूल’ ही आज्ञा करते. मॅकवर नेटवर्क सेटिंग्जमधील इथरनेटच्या तपशिलांत ‘हार्डवेअर’ विभाग पाहावा. हे झाले लॅपटॉपच्या बाजूचे. नॅसच्या बाजूचा आकडा नॅसच्या नियंत्रण पानावर, नेटवर्कच्या विभागात असतो, आणि तो पाहायला बहुतेक जण विसरतात. लॅपटॉपकडे १००० आणि नॅसकडे १०० असे असेल, तर दोष राउटरपासून नॅसपर्यंतच्या तुकड्यात आहे हे एका नजरेत कळते.

१०० दिसले, तर आधी राउटरचे पोर्ट तपासा. बाजारातील स्वस्त दुहेरी बँडच्या राउटरांच्या खोक्यावर ‘एसी १२००’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ती ३०० आणि ८६७ या दोन बँडांच्या गतींची गोळाबेरीज असून त्याचा मागच्या केबलच्या पोर्टांशी संबंध नसतो. त्यांपैकी कित्येक राउटरांची पोर्टे १०० मेगाबिटचीच असतात. फायबरच्या जोडणीबरोबर मिळणाऱ्या काही बॉक्सवर तर चारांपैकी एकच पोर्ट गिगाबिटचे असते आणि उरलेली तीन १०० ची. उपकरणाच्या तपशिलात ‘१०/१००’ लिहिले असेल तर ते १०० चे, ‘१०/१००/१०००’ असेल तर गिगाबिटचे. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच आणून नॅस आणि संगणक दोन्ही त्याला जोडणे आणि स्विचची एक केबल राउटरला देणे. मग या दोघांमधील फाइली राउटरला न विचारता स्विचमधूनच जातात. मात्र लॅपटॉप वायफायवर असेल तर हा उपाय लागू पडत नाही, कारण वायफायवरून आलेली फाइल राउटरच्या त्याच १०० मेगाबिटच्या पोर्टातून नॅसकडे जाणार. तेथे राउटरच बदलावा लागतो.

पोर्टे गिगाबिटची असूनही १०० दिसत असेल, तर केबल हातात घ्या. प्लगचे पारदर्शक टोक उजेडात धरून आतील तारा मोजा. आठ हव्यात आणि प्रचलित मांडणीत त्यांचा क्रम असा असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. १०० मेगाबिटला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्या चारच तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाने चारच तारा क्रिंप केल्या (प्लगमध्ये दाबून बसवल्या) असतील किंवा निळ्या-तपकिरी जोड्यांपैकी एखादी तार आत तुटली असेल, तर जोडणी बंद न पडता मुकाट्याने १०० वर उतरते. इंटरनेट चालू राहते, प्लॅन लहान असेल तर काही जाणवतही नाही, आणि नॅस आणेपर्यंत हा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. प्लग आणि खाच यांत धूळ बसल्यानेही असे होते. काढून पुन्हा लावल्यावर लिंक १००० वर आली तरी ती केबल कायमची वापरू नये.

नवी केबल घेताना ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ची कारखान्यात तयार झालेली, शुद्ध तांब्याची पॅच कॉर्ड मागावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर कापून जागेवर क्रिंप करून देतात तीही चालते, पण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल गळ्यात मारली जाऊ शकते. ती हलकी असते, वाकवली की मोडते आणि तारेचे टोक नखाने खरवडले तर आतून रुपेरी दिसते. घरातील दोन-चार मीटरसाठी ‘कॅट ७’ किंवा ‘कॅट ८’ लिहिलेल्या महागड्या केबलची काही गरज नाही.

भिंतीतून, कन्सील वायरिंगच्या पाइपातून गेलेल्या केबलवर संशय असेल तर ती उपसण्याआधी एक चाचणी करा: नॅस उचलून राउटरशेजारी ठेवा, लहान पॅच कॉर्डने जोडा आणि आकडा पुन्हा पाहा. १००० आले तर दोष भिंतीतल्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकाच्या सॉकेटमध्ये, आणि बहुधा सॉकेटमध्येच. विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणाऱ्या पट्टीतून किंवा यूपीएसच्या नेटवर्कच्या खाचेतून केबल फिरवली असेल तर तीही तेवढ्यापुरती सोडवून पाहा. काही खाचा १०० च्या पुढे जात नाहीत.

कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ या ठिकाणी कोणी हाताने गती बांधून ठेवली असेल तर ती ‘ऑटो निगोशिएशन’वर परत आणा. एका बाजूला हाताने पूर्ण डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलणे) आणि दुसऱ्या बाजूला स्वयंचलित असे झाले, तर दुसरी बाजू अर्ध्या डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जाते, दोघांची टक्कर होत राहते आणि गती १०० मेगाबिटच्याही खूप खाली घसरते.

पायरी ४: वायफाय वगळून पाहा

लॅपटॉप वायफायवर असेल तर एकदा तरी तो केबलने जोडून चाचणी घ्यावी. ज्या लॅपटॉपला इथरनेटची खाच नाही त्यासाठी यूएसबी ३.० चा गिगाबिट ॲडॅप्टर मिळतो, आणि तो घरात एक असावाच. केबलवर ११० आणि वायफायवर २५ मिळत असतील, तर नॅसच्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही.

वायफायवर दिसणारी लिंकची गती ही हवेतील कमाल असते, हाती येणारी नव्हे. ५ गिगाहर्ट्झवर वायफाय ५ चा साधा दोन अँटेनांचा लॅपटॉप ८६६ मेगाबिट दाखवतो; एकाच खोलीत, गर्दी नसताना त्याच्या निम्मे ते दोन तृतीयांश हाती लागले तरी उत्तम म्हणावे. २.४ गिगाहर्ट्झवर हीच कमाल बहुधा १४४ असते, आणि आजूबाजूच्या सदनिकांतील राउटर त्याच मोजक्या चॅनेलांवर बोलत असल्याने ती आणखी आटते. आरसीसीच्या भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर क्षीण होतो आणि लॅपटॉप आपल्याला न सांगता २.४ वर उतरतो. दोन्ही बँडांना एकच नाव दिले असेल तर हे लक्षातही येत नाही. विंडोजमध्ये जोडणीच्या तपशिलात बँड लिहिलेला असतो, मॅकवर ऑप्शनचे बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की चॅनेल आणि गती दोन्ही दिसतात.

नॅस स्वतः मात्र कधीही वायफायवर ठेवू नये. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यामुळे लॅपटॉप आणि नॅस दोन्ही वायफायवर असले तर तीच फाइल हवेतून दोनदा जाते आणि गती निम्मी होते. मेश राउटरची दोन यंत्रे एकमेकांशी केबलविना बोलत असतील तर त्यात आणखी एक फेरी वाढते.

पायरी ५: फाइल घराबाहेरून तर फिरत नाही ना?

गती सेकंदाला जेमतेम काही मेगाबाइट असेल आणि ती आपल्या इंटरनेटच्या अपलोडशी जुळत असेल, तर हे तपासायलाच हवे. नॅस कंपन्या बाहेरगावाहून फाइली पाहता याव्यात म्हणून एक सोपे नाव किंवा दुवा देतात. घरी बसूनही तोच दुवा वापरत राहिले, तर काही वेळा फाइल कंपनीच्या मधल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. घरात असताना नॅस त्याच्या स्थानिक पत्त्याने, म्हणजे सहसा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्याने उघडावे. त्या पत्त्याला पिंग केले असता, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तराचा वेळ मोजला असता, केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवे; ज्या नावाने आपण एरवी नॅस उघडता त्या नावाला पिंग केल्यावर वीस-तीस मिलिसेकंद लागत असतील, तर ती वाट बाहेरची आहे.

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून चाचणी घ्यावी, किंवा त्याहून बरे, चाचणी घरच्या संगणकावर घ्यावी. ऑफिसचे सुरक्षा सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल तपासत बसते आणि ते बंद करणे आपल्या हाती नसते. फायबरच्या बॉक्सला नॅस आणि त्यामागे लावलेल्या स्वतःच्या राउटरला लॅपटॉप, अशी दुहेरी रचनाही अनेक घरांत असते. नॅस आणि लॅपटॉप एकाच राउटरच्या अंगणात आणावेत.

पायरी ६: डिस्क बाजूला ठेवून नुसते नेटवर्क मोजा

यासाठी ‘आयपर्फ ३’ हे मोफत साधन वापरतात. ते एका संगणकाच्या रॅममधून दुसऱ्याच्या रॅममध्ये नुसता डेटा पाठवते आणि डिस्कला स्पर्श करत नाही. बहुतेक नॅसवर ते पॅकेज किंवा डॉकर कंटेनर म्हणून बसवता येते. नॅसवर ते सर्व्हर म्हणून, म्हणजे आज्ञेपुढे उणे-चिन्ह आणि ‘एस’ लिहून सुरू करावे. लॅपटॉपवर उणे-चिन्ह, ‘सी’ आणि पुढे नॅसचा पत्ता द्यावा. चाचणी दहा सेकंदांची असते. त्यानंतर शेवटी उणे-चिन्ह आणि मोठ्या लिपीतील ‘आर’ जोडून उलट दिशेनेही मोजावे. काहीच जोडले जात नसेल तर फायरवॉलमध्ये ५२०१ हे पोर्ट अडवले आहे का ते पाहावे.

निरोगी गिगाबिट जोडणीवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. ९४ आले तर तिसऱ्या पायरीत काहीतरी सुटले आहे. एका दिशेने ९४० आणि दुसऱ्या दिशेने त्याच्या निम्मेही नाही असे झाले, तर केबल किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलून पाहावा. दोन्ही दिशांना ९४० येऊनही फाइल ३० मेगाबाइटनेच जात असेल, तर केबल, स्विच आणि राउटर यांना आता हात लावू नका. दोष नॅसच्या आत आहे किंवा फाइलींच्या स्वरूपात आहे.

पायरी ७: नॅसची डिस्क आणि प्रोसेसर

कॉपी चालू असताना नॅसचा रिसोर्स मॉनिटर उघडून ठेवा. डिस्कचा वापर १०० टक्क्यांना भिडला असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर अडथळा डिस्कचा. उलट असेल तर प्रोसेसरचा. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की चार कोअरच्या प्रोसेसरवर दिसणारे २५ टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण दमलेला असू शकतो. एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे सांकेतिक रूपात साठवलेले फोल्डर, किंवा एसएसएच या तशाच सांकेतिक वाटेने चालणारी आरसिंक ही प्रत घेणारी आज्ञा, ही जुन्या आणि छोट्या नॅसवर प्रोसेसर दमवणारी कामे आहेत.

डिस्क व्यस्त असेल तर ती आपल्याच कामात आहे की दुसऱ्या, हे आधी विचारा. नवे नॅस पहिल्या काही दिवसांत रेडची (अनेक डिस्क जोडून एक साठा करण्याच्या पद्धतीची) जुळणी तपासत असते, छायाचित्रांची लघुचित्रे बनवत असते, व्हिडिओंची सूची करत असते. हे संपेपर्यंत थांबणे हाच उपाय. वीज अचानक गेल्यावरही असेच घडते: नॅस नीट बंद न झाल्याने परत सुरू होताना रेडची पूर्ण पडताळणी करू लागते, आणि ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट गतीने नुसती वाचून काढायलाही सात तासांहून अधिक लागतात. दर आठवड्याला वीज जाणाऱ्या गावात नॅस कायमच संथ वाटण्याचे हे एक कारण असते. नॅसला यूएसबीने निरोप देऊ शकणारा यूपीएस घेतला म्हणजे बॅटरी संपण्याआधी नॅस स्वतःहून नीट बंद होते. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस या कामाला उपयोगाचा नाही.

पार्श्वभूमीला काही चालू नाही, तरीही लिहिणे संथ आहे, असे असेल तर डिस्कचा प्रकार पाहावा. आजची चांगली ३.५ इंची डिस्क सलग लिहिताना १५० ते २५० मेगाबाइट देते, भरत आल्यावर आतल्या वर्तुळांवर ती निम्म्यापर्यंत उतरते, आणि तरीही गिगाबिटला साधारण पुरी पडते. पण काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांत डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक अर्धवट चढवलेले असतात, म्हणून एक पट्टा बदलायचा तर त्याच्या शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. अशी डिस्क थोडे लिखाण तात्पुरत्या मोकळ्या जागेत भराभर घेते आणि ती जागा भरली की एकदम गळाठते. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ मालिकेतील (हे नुसते डिस्कचे नाव, वरची रेड पद्धत नव्हे) २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे जाहीर केले आणि पुढे जुन्या पद्धतीच्या, म्हणजे सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. म्हणून डिस्क घेताना दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात पाहून घ्यावा. हाती असलेली डिस्क एसएमआर निघाली, तर पहिली मोठी भरती रात्रभर चालू द्यावी. रोजच्या लहान कामांत फारसा फरक पडत नाही.

रेड ५ मध्ये लहान लिखाण महाग पडते, कारण प्रत्येक वेळी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (डिस्क बिघडल्यास डेटा परत मिळवून देणारी जास्तीची नोंद) वाचून नवा डेटा आणि नवी पॅरिटी लिहावी लागते. एका कामाची चार कामे होतात. साठा ९० टक्क्यांच्या पुढे भरला असेल तर मोकळी जागा विखुरलेली असते आणि त्यानेही गती जाते. पण या सगळ्याआधी डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद, वाचावी. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ यांचा आकडा शून्याहून मोठा असून वाढत असेल, तर गतीचा शोध तेथेच थांबवून आधी डेटाची दुसरीकडे प्रत घ्यावी.

पायरी ८: हजारो लहान फाइली

एक ४ गिगाबाइटची फाइल ११० ने जाते आणि त्याच आकाराचे छोट्या फाइलींचे फोल्डर ८ ने जाते, हा दोष नव्हे. प्रत्येक फाइलीसाठी नॅसला नाव तपासणे, फाइल उघडणे, लिहिणे, तारीख नोंदवणे आणि बंद करणे एवढे निरोप पाठवून प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहावी लागते, आणि फाइल लहान असेल तर सगळा वेळ याच शिष्टाचारात जातो. त्यात लॅपटॉपचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून पाहतो. उपाय दोन आहेत. संग्रह क्वचितच लागणारा असेल तर त्याची एक झिप करून ती चढवावी. फाइली सुट्याच ठेवायच्या असतील तर विंडोजमध्येच असलेली ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरावी. तिच्या ‘एमटी’ या पर्यायाने एकाच वेळी अनेक फाइली पाठवल्या जातात, आकडा न दिल्यास आठ आणि कमाल १२८. घरगुती नॅसवर आठ ते सोळा पुरे. मॅकच्या टाइम मशीन या प्रत घेणाऱ्या सोयीने घेतलेली पहिली प्रत संथ जाणे हेही स्वाभाविक आहे, कारण मॅक ते काम मुद्दाम कमी प्राधान्याने चालवतो.

पायरी ९: आता सेटिंग्ज

इथवर येऊनही कारण सापडले नसेल, तरच नॅसच्या फाइल-सेवेकडे वळावे. एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीची) किमान आवृत्ती २ आणि कमाल ३ ठेवावी. एसएमबी १ गती वाढावी म्हणून किंवा जुन्या टीव्हीसाठी म्हणून चालू करू नये. २०१७ च्या मे महिन्यात पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच वाटेने आला होता. वाहतुकीचे एन्क्रिप्शन सक्तीचे केले असेल आणि प्रोसेसर जुना असेल, तर घरातील जाळ्यापुरते ते ऐच्छिक करून फरक पाहता येतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि त्यावरील आवृत्त्यांत एसएमबीची स्वाक्षरी (निरोप वाटेत बदललेला नाही याची खूण) सक्तीची झाली आहे. त्या अद्ययावतीनंतर अशक्त नॅसवर गती थोडी उतरली असेल तर कारण हे असू शकते. ती सक्ती काढून टाकण्यापेक्षा तेवढी घट सोसावी, असे माझे मत आहे.

जम्बो फ्रेम हा पर्याय नवख्यांनी बंदच ठेवावा. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १५०० वरून ९००० बाइट केल्याने गिगाबिटवर मिळणारा लाभ अल्प असतो, आणि वाटेतील एका जरी उपकरणाला तो मान्य नसेल तर कॉपी मधेच अडकून पडते. दोन केबली जोडून लिंक ॲग्रिगेशन केल्यानेही एका लॅपटॉपची एक कॉपी दुप्पट होत नाही. त्याचा उपयोग अनेक जण एकाच वेळी नॅस वापरतात तेथे.

२.५ गिगाबिटकडे जाण्याचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा दोन्ही दिशांना ११० मिळू लागले आहेत आणि तरीही ते अपुरे वाटते. त्यासाठी नॅसचे पोर्ट, स्विच आणि संगणकाचे कार्ड ही तिन्ही त्या गतीची लागतात. एकटे नॅस नवे घेऊन काही होत नाही. जोडणीची कमाल त्यामुळे २८० मेगाबाइटच्या आसपास जाते, पण एकच यांत्रिक डिस्क असेल तर ती १५० ते २५० वरच थांबेल. भिंतीतली ‘कॅट ५ई’ केबल मात्र बदलावी लागत नाही: २०१६ मध्ये मंजूर झालेले हे मानक त्याच केबलवर, १०० मीटरपर्यंत चालावे अशा हिशेबाने केलेले आहे.